डॉक्टरकडे जाण्याआधीची गोळी

डार्मश्टाटचं आमचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना लाकडी, जुना, प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा. मी अकरा वर्षांची असताना बाबांना इथल्या एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी मिळाली आणि आम्ही तिघं पुण्याहून इथे आलो. तेव्हापासून तो जिना ऐकतच मी मोठी झाले. बाबा ऑफिसातून आले की दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत, धाडधाड. पहिल्या मजल्यावरच्या फ्राउ लिंडनर सत्तरीच्या होत्या, पण बाजाराची पिशवी घेऊन टुणटुण चढायच्या. आईच्या चढण्याचा आवाज मात्र मी सोळा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात बदलला. धुण्याचं मशीन तळघरात होतं. ओल्या कपड्यांची टोपली घेऊन ती वर यायची तेव्हा आधी मजल्या-मजल्यावर थांबायची, मग चार-चार पायऱ्यांवर थांबायला लागली. टोपली टेकवल्याचा आवाज, कठडा करकरल्याचा आवाज, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी आतल्या खोलीत गणिताची वही उघडून बसलेली असायचे आणि मला हे सगळं स्वच्छ ऐकू यायचं. मी उठून खाली गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. कान शाबूत होते आणि पायही.

हे प्रकरण मी रागात लिहिते आहे. आई आता सहासष्ट वर्षांची आहे आणि तिला हे लिहिणं मंजूर नाही. "कशाला जुनं उकरून काढतेस? लोक काय म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचं केवढं केलं," असं ती परवाच फोनवर म्हणाली. बाबा म्हणतात, "अगं, शेवटी झालं ना सगळं ठीक?" त्यांच्या त्या 'शेवटी'ने माझं डोकं फिरतं. शेवटाच्या आधी दीड वर्ष होतं, आणि ते दीड वर्ष आईने काढलं, त्यांनी नाही.

आमच्या स्वयंपाकघरात टेबल होतं, चार खुर्च्या होत्या, पण आई पोळ्या जमिनीवर बसूनच लाटायची. पोळपाट खाली ठेवल्याशिवाय जोर लागत नाही असं तिचं म्हणणं. संध्याकाळी बाहेर मिट्ट अंधार, खिडकीच्या काचेवर वाफ, आणि आई भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसलेली. लाटली की उठायचं, तव्यावर टाकायची, परत बसायचं. एका वेळच्या स्वयंपाकात पंधरा उठाबशा सहज व्हायच्या. फोडणीचा वास जिन्यात जातो म्हणून ती एक्झॉस्ट लावून, दार बंद करून, कपाळावर घाम येईपर्यंत काम करायची. घरात आम्ही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दूध यायचं ते माझ्यासाठी आणि बाबांच्या चहासाठी. आई स्वतः कोरा चहा प्यायची आणि गुरुवारचा उपवास धरायची. बाहेर ती फारशी पडत नसे. पडली तर पायघोळ कोट, मफलर, टोपी. या देशाची थंडी तिच्या अंगात कधी मुरलीच नाही. हे सगळं तेव्हा मला नेहमीचं वाटायचं. आज एखाद्या शिकाऊ डॉक्टरसमोर ही चार वाक्यं ठेवली तर तो अर्ध्या मिनिटात आजाराचं नाव सांगेल. पण ती चार वाक्यं कोणी विचारलीच नाहीत आणि आम्ही सांगितली नाहीत.

त्या हिवाळ्यात आईने पोळपाट वर घेतला. एक दिवस शाळेतून आले तर ती ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. "असंच, म्हटलं जरा बदल," म्हणाली. महिन्याभराने देव्हारा जमिनीवरच्या चौरंगावरून उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. मग तिने पलंगाखाली दोन विटा सरकवल्या, उठायला सोपं पडतं म्हणून. घरातली एकेक वस्तू वीतवीतभर उंच होत चालली होती. बाबांना पलंगाचं लक्षात आलं, कारण त्यांचे पाय खाली टेकेनात. त्यांनी विटा मोजून-मापून नीट बसवून दिल्या, लेव्हल तपासली, आणि का लागल्या ते विचारलं नाही.

शेवटी दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा बाबांनी डॉक्टरची टेर्मीन घेतली. टेर्मीन म्हणजे ठरवून घेतलेली वेळ; या देशात ती मिळाली की माणूस अर्धा बरा झाल्यासारखा वागतो. आणि आमच्या घरी डॉक्टरकडे जाणं म्हणजे लग्नाला निघाल्यासारखंच. आई पहाटे उठून डोक्यावरून न्हायली. इस्त्रीची साडी, त्यावर बाबांनी घेतलेलं लोकरीचं जाकीट, कुंकू, केसांना तेलाचा हात. रिसेप्शनवरच्या बाईसाठी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू. "पुण्यात वैद्य डॉक्टर घरी यायचे तेव्हा तुझी आजी उंबऱ्याशी स्वच्छ पाणी आणि टॉवेल ठेवायची. मोठा माणूस असतो तो," असं सांगत तिने मला केस बांधायला लावले. मी नुसती बरोबर जाणार होते, तरीही.

डॉक्टर पन्नाशीचे होते, गोरेपान, हसतमुख, टेबलापलीकडे उंच खुर्चीत. बाबा त्यांना घरी 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे, ज्या देशात कोणी कोणाला साहेब म्हणत नाही तिथे. डॉक्टरांनी विचारलं की काय होतंय. बाबांनी आईकडे मान वळवली. आईने आधी पदर सारखा केला आणि मग सांगायला लागली. "मांड्यांमधून कळ येते, अशी खोल, हाडातून. कुशीवर वळलं की बरगड्या ठणकतात. पण दुखण्यापेक्षा अहो, पायात बळच नाही. ट्राममध्ये चढायचं तर पाय उचलतच नाही, हाताने उचलून ठेवावासा वाटतो." एवढं ती आमच्याजवळही कधी बोलली नव्हती. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याचं जर्मन केलं: हिला पायांत थोडं दुखतं.

मला दोन्ही भाषा येत होत्या. मी बाबांच्या शेजारी बसले होते. मला ऐकू आलं की 'हाडातून' गेलं, 'बळ नाही' गेलं, ट्राम गेली, आणि उरलं फक्त 'थोडं'. पण बाबा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. बाबांनाही मी पुरतं दोषी कसं धरू? त्यांच्या ऑफिसात कोणी लांबण लावली की त्याला वेडा समजायचे. मुद्द्याचं तेवढं बोला, बाकी रिपोर्टात येईल. त्यांनी बायकोचा रिपोर्ट केला. शिवाय डॉक्टरला आपण काय शिकवायचं, त्यांना कळतं, ही त्यांची आणि आईची दोघांचीही श्रद्धा. आईचं तर म्हणणंच होतं, "आपण सांगायचं आणि मग त्यांनी ओळखायचं, यात त्यांचं काय मोठेपण? खरा डॉक्टर हात धरला की ओळखतो." इकडे डॉक्टर वाट बघत होते की जे आहे ते पेशंट सांगेल, आणि पेशंट वाट बघत होती की जे आहे ते डॉक्टर ओळखेल. या दोघांच्या मधोमध माझे बाबा हसून 'जा, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी बरोबर', म्हणत बसले होते.

मग डॉक्टरांनी विचारलं, एक ते दहामध्ये दुखणं किती. आई बाबांना म्हणाली, "दहा म्हणजे काय हो? माझ्या वन्संना शेवटी झालं ते ना? त्यांचं दहा. माझं आपलं तीन म्हणा." बाबांनी तीन सांगितलं. डॉक्टरांनी तीन टाईप केलं. मग तिला झोपवून मांड्या दाबल्या, गुडघे वाकवून पाहिले. "दुखतं का?" आई हसून म्हणाली, "गुट, गुट." म्हणजे छान, छान. तिला येणाऱ्या जर्मन शब्दांपैकी तो सर्वांत लाडका शब्द होता. मॅग्नेशियमच्या गोळ्या मिळाल्या आणि रिसेप्शनच्या बाईने लाडवांचं तोंडभरून कौतुक केलं.

पुढच्या वर्षभरात आम्ही तिथे आणखी तीन वेळा गेलो. प्रत्येक वेळी न्हाणं, साडी, डबा. एकदा हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्याने एक्स-रे काढला, काही नाही म्हणाला. चौथ्या वेळी डॉक्टरांनी खुर्ची जरा मागे घेतली, बोटं एकमेकांत गुंफली आणि बाबांना म्हणाले, "आल्झो, तर असं आहे, शरीरात मला काही सापडत नाही. तुमच्या पत्नी किती वर्षं इथे आहेत? मैत्रिणी आहेत का? घरची आठवण येते का?" बाबांनी आईला विचारलं, "पुण्याची आठवण येते का?" आता हे काय विचारणं झालं? कोणाला येत नाही? आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डॉक्टरांनी ते पाणी पाहिलं आणि मान हलवली. त्यांचं निदान त्या क्षणी झालं. वर्षभर ज्या बाईचं त्यांना काही कळत नव्हतं, तिचं सगळं त्यांना दोन थेंबांत कळलं. मनाला बरं वाटायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बायकांच्या एका गायनमंडळाचा कागद दिला. त्यांचा आवाज त्या दिवशी फार मऊ होता. तो मऊपणा आठवला की आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात.

बाबांचा जीव भांड्यात पडला. गंभीर काही नाही, मनाचं आहे. घरी येऊन त्यांनी लगेच तोडगे सुरू केले. आईला मराठी मंडळाच्या बायकांचे फोन नंबर आणून दिले, शनिवारी कुठे कुठे फिरायला न्यायला लागले, आणि ती मागे पडली की म्हणायचे, "अगं, मन रमव. मन रमवलंस की पाय आपोआप चालतील." त्या नव्या गोळ्यांनी आई दुपारी गाढ झोपायला लागली. कुकरच्या शिट्ट्या वाजून वाजून थांबायच्या, वरण खाली लागायचं. आणि एकदा 'मनाचं आहे' असं ठरल्यावर तिच्या प्रत्येक हालचालीचा अर्थच बदलला. ती कठडा धरून थांबली की आता ती दमलेली नसे, लक्ष वेधून घेणारी असे. ती 'आई गं' म्हणाली की बाबा पेपर खाली न घेता म्हणायचे, "श्वास घे. दीर्घ."

आणि मी. माझं सांगायचं टाळून चालणार नाही. मार्चमध्ये आमच्या शाळेचा कार्यक्रम होता आणि आईला यायचं होतं. ट्रामच्या स्टॉपवर तिला चढता येईना. लोक मागे खोळंबले, ड्रायव्हर आरशात बघायला लागला, आणि माझ्या वर्गातल्या दोन मुली आतून बघत होत्या. मी तिला दंड धरून वर ओढलं आणि सीटवर बसल्यावर तिला मराठीत, पण सगळ्या ट्रामला सूर कळेल अशा आवाजात म्हणाले, "बास कर ना आता आई हे नाटक! तुला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना, तुला काहीही झालेलं नाही!" मांडीवरची पर्स उघडून तिने त्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि पर्स बंद केली. कार्यक्रमात तिने पहिल्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

मे महिन्यात बाबांना कामासाठी दोन आठवडे चेक प्रजासत्ताकात जावं लागलं आणि पाचवी टेर्मीन माझ्या वाट्याला आली. सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर आई ओट्याशी उभी राहून पाण्याबरोबर काहीतरी गिळत होती. साडी नेसून झालेली, डबा भरून झालेला.

"कसली गोळी गं?"

"दुखण्याची. डॉक्टरकडे जायचंय ना."

"डॉक्टरकडेच जायचंय, तर गोळी कशाला?"

"मग? दोन जिने आहेत त्यांचे. त्या एवढ्या मोठ्या माणसासमोर लंगडत, कण्हत जायचं का? बरं दिसतं ते?"

"दर वेळी घेतेस?"

"दोन घेते. एकीने भागत नाही," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

मी तिथेच खुर्चीवर बसले. चार वेळा. चारही वेळा ही बाई आपलं दुखणं घरी झोपवून, नटूनथटून, डॉक्टरला आपले न दुखणारे पाय दाखवायला गेली होती. पाहुण्यांना फाटकी चादर दाखवत नाहीत, तसं. मला एकाच वेळी हसू, रडू आणि असा काही संताप आला की मी तिच्या हातातला डबा हिसकावून ओट्यावर ठेवला. "लाडू न्यायचे नाहीत," एवढंच मला म्हणता आलं.

डॉक्टरांकडे गेल्यावर मी खुर्चीत टेकायच्या आत सांगून टाकलं, की माझी आई इथे येण्याआधी दर वेळी दुखण्याच्या दोन गोळ्या घेते, म्हणून तुम्ही दाबता तेव्हा दुखत नाही. मला वाटलं होतं आता ते दचकतील. ते प्रसन्न हसले. "हो, मग चांगलंच आहे की. म्हणजे गोळी लागू पडते." मग स्क्रीनकडे वळून, "आल्झो. मनाच्या गोळ्या चालू ठेवायच्या. गायनमंडळात गेल्या का त्या? तुझ्या आईला सांग, त्यांची तब्येत उत्तम आहे. भाषांतर कर."

मी केलं नाही. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहून हसत होती, डॉक्टर काहीतरी चांगलं बोलले असणार या खात्रीने. आणि मला ओट्यावर चढलेला पोळपाट आठवला, फळीवरचा देव्हारा आठवला, त्या विटा आठवल्या. घर वर्षभर ओरडून सांगत होतं आणि आम्ही तिघंही इथे येऊन तीन-चा-आकडा-सांगणारी माणसं झालो होतो.

"आई, खाली बस," मी म्हणाले.

"काय?"

"जमिनीवर. मांडी घालून. पोळ्या लाटायला बसायचीस तशी."

"वेड लागलं का तुला? इथे? साडी..."

"बस म्हणते ना!"

माझा आवाज चढला होता. तिने घाबरून टेबलाची कड धरली, एक गुडघा वाकवला, दुसरा वाकवताना कड सुटली आणि शेवटची वीतभर ती धप्पकन बसली. टेबलापलीकडून डॉक्टरांना ती दिसेनाशी झाली. ते म्हणाले, हे काय चाललंय, आणि बघायला उठून उभे राहिले. दीड वर्षात त्यांना तपासणीच्या पलंगाखेरीज कशासाठी उठताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"आता उठ," मी म्हणाले. तिने खुर्चीकडे हात नेला. मी खुर्ची मागे ओढली. "खुर्ची धरायची नाही."

ती ओणवी झाली. दोन्ही हात फरशीवर. मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा. मग हात गुडघ्यावरून मांडीवर, मांडीवरून आणखी वर, स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखी, पदर खांद्यावरून घसरलेला, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. गोळ्यांनी दुखणं थांबलं असेल, पण नसलेलं बळ कुठून आणणार? अर्ध्यावर ती अडकली. वरही जाईना, खालीही. तिचे पाय थरथरत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी जागची हलले नाही. डॉक्टरांनी ते नीट बघावं म्हणून मी माझ्या आईला तशीच अर्धवट वाकलेली ठेवली. हे बरोबर केलं की चूक, मी आजही सांगू शकत नाही, पण परत तीच वेळ आली तर मी तेच करेन.

डॉक्टर टेबलाला वळसा घालून धावत आले आणि त्यांनी तिला काखेत हात घालून उभं केलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर उकिडवे बसले, आणि मध्ये बाबा नाहीत, मी नाही, सरळ तिला विचारलं, अगदी सावकाश, सोप्या शब्दांत, की कधीपासून. आणि आईने कोणाच्याही भाषांतराशिवाय उत्तर दिलं. "लांगं," ती म्हणाली. खूप दिवस. "लांगं, हेर डॉक्टर."

त्या दिवशी तिचं रक्त घेतलं, पाच-सहा नळ्या. परतताना ट्राममध्ये ती माझ्यापासून दोन सीट सोडून बसली. घरी येऊन साडी बदलल्यावर म्हणाली, "अब्रूचं खोबरं केलंस माझ्या. परक्या पुरुषासमोर मला जनावरासारखं चार पायांवर उभं केलंस." आणि आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पोळी हवी का, कोट घे. फ्राउ लिंडनरनी जिन्यात मला थांबवून विचारलं, घरात भांडण झालंय का, तर मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, तुझी आई धुणं वर नेताना बसून बसून चढते, मी किती महिने बघतेय, तुम्ही डॉक्टरांना हे सांगितलंच असेल म्हणा.

आता मीच चाळिशी ओलांडली आहे आणि डॉक्टरकडे जायचं असलं की घरातला सर्वांत चुरगळलेला टी-शर्ट घालते, केस विंचरत नाही, गोळी घेत नाही आणि दुखणं कागदावर लिहून नेते. माझा नवरा मथियास म्हणतो, "तू बरी व्हायला जातेस की भीक मागायला?" मी त्याला सांगते, तू गप्प बस, तू इथला आहेस, तू 'थोडं दुखतं' म्हणालास तरी हे लोक तुला एमआरआयला पाठवतील.

आईच्या रक्ततपासणीचा निकाल ऐकायला बाबा परत आले होते. आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. आईच्या रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. हाडं आतून मऊ झाली होती, स्नायूंतला जोर गेला होता. जुना एक्स-रे त्यांनी परत मागवून पाहिला होता. खुब्याच्या हाडात एक बारीकशी चीर होती, आधी कोणाच्या लक्षात आली नव्हती. ऊन नाही, अंडी-मासे नाहीत, दूध नाही, काळी कातडी आणि हा प्रदेश; असं होतं म्हणाले. मनाच्या गोळ्या हळूहळू बंद करायच्या. त्याऐवजी थेंब आणि कॅल्शियम. काही महिन्यांत त्या पळायला लागतील. इथे जन्मलेल्या प्रत्येक तान्ह्या बाळाला हेच जीवनसत्त्व देतात, असं त्यांनी हसून सांगितलं, आम्हाला धीर यावा म्हणून. म्हणजे या देशातलं प्रत्येक तान्हं बाळ वाचवायला जे पुरतं, ते माझ्या आईला द्यायला यांना दीड वर्ष आणि एक तमाशा लागला. आणि मग ते बाबांना म्हणाले, "फक्त, तुमच्या पत्नीने हे आधीच सांगायला हवं होतं."

मी काहीतरी बोलणार होते. बाबांनी टेबलाखाली माझा हात दाबला, उठले, डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत घेऊन दोनदा आभार मानले. आईनेही नमस्कार केला.

बाहेर ऊन होतं. आम्ही ट्रामच्या स्टॉपवर आलो. बाबांनी तिला बाकावर बसवलं आणि मराठीत सगळं समजावून सांगितलं, या वेळी काही न गाळता: हाडं, स्नायू, चीर, थेंब. ते बोलत होते आणि आई मान खाली घालून ऐकत होती. मग तिने त्यांच्या बाहीला हात लावला.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे मला खरंच होत होतं ना? मी उगीच नव्हते ना करत?"

मला वाटलं होतं ती आमच्यावर रागावेल. इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होते. पण तिला रागावण्याएवढीसुद्धा खात्री उरलेली नव्हती. दीड वर्षात आम्ही तिचं दुखणं तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि ती बाकावर बसून, रिपोर्ट मांडीवर असताना, स्वतःच्या पायांबद्दल नवऱ्याला विचारत होती.

बाबा हसले. "वेडी आहेस का? कोण म्हणालं तुला तसं?"

ट्राम आली. आम्ही आईला दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं आणि त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून आज लिहून ठेवते. डॉक्टर म्हणाले. बाबा, तुम्ही म्हणालात. आणि भर ट्राममध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मी म्हणाले.